शी अडवून धरणाऱ्या मुलाला रागावू नका



विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. ज्या घरातले मूल नर्सरीत जायचे असते, तिथे त्याआधीचे दोन महिने एकच घाई असते: डायपर सुटले पाहिजे. लघवीचे बहुधा जमते. शीचे मात्र अडते. मूल तीन-चार दिवस शी करत नाही. पॉटीवर बसवले की किंचाळते. उतरवले की पडद्यामागे जाऊन उभे राहते, पाय आवळते, टाचा उचलते, तोंड लालबुंद होते. अम्मी म्हणते, "बिचारा किती जोर लावतो!" दादी म्हणते, "जिद्दी आहे, मुद्दाम करतो."

दोघींचे म्हणणे काळजीपोटी असते, पण दोन्हींत गफलत आहे. ते मूल शी बाहेर काढण्यासाठी जोर लावत नसते. येणारी शी आत रोखण्यासाठी अंग आवळत असते. आणि त्यामागे बहुधा जिद्द नसून भीती असते. कधीतरी ताप आल्यावर, प्रवासात किंवा बाटलीचे दूध वाढल्यावर शी कडक झालेली असते, जागा चिरलेली असते. अडीच वर्षांच्या जिवाने त्यातून एवढेच ध्यानात ठेवले की शी केली की दुखते.

यातून एक चक्र सुरू होते. शी आतड्याच्या शेवटच्या भागात थांबली की शरीर तिच्यातले पाणी शोषत राहते. ती आणखी कडक आणि मोठी होते, बाहेर येताना पुन्हा दुखते, आणि मूल पुढच्या वेळी जास्तच रोखते. बरेच दिवस असे चालले तर तो भाग ताणला जातो आणि शी लागल्याची जाणीवच कमी होते. मग कडक गोळ्याच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डी खराब होते. घरच्यांना वाटते जुलाब झाले, आणि जुलाब थांबवण्याचे औषध दिले जाते. त्याने त्रास वाढतो. ही गळती मुलाला थांबवता येत नाही, म्हणून तिच्यासाठी शिक्षा करणे हा अन्याय आहे.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी शी मऊ, मग पॉटी. शी कडक असताना मुलाला बसवण्याचा आग्रह धरला तर त्याची भीती पक्की होते. काही आठवडे प्रशिक्षण थांबवा. मूल डायपरमध्येच शी करत असेल तर करू द्या. डायपर हवे की पॉटी, हा प्रश्न नंतरचा. शी रोखली न जाणे महत्त्वाचे.

मऊ करण्याची सुरुवात स्वयंपाकघरातून करा. एक वर्षानंतर मुलाला दिवसाला साधारण अर्धा लिटरपर्यंत दूध पुरे. त्याहून जास्त दूध प्यायलेले मूल जेवत नाही, आणि न जेवणाऱ्याला शी कडक होते. चहात बुडवलेले टोस्ट, बिस्किटे, पाव हे मैद्याचे पदार्थ कमी करा. ज्वारीची भाकर वरणात कुस्करून द्या. पालक, चवळी, पपई, पेरू द्या. हंगामात संत्रे असेल तर रस न काढता बिया काढून फोडीच खाऊ घाला. मनुका किंवा अंजीर रात्री भिजवून सकाळी कुस्करून द्या, खजूर बी काढून बारीक करून द्या. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो; अशा दिवसांत पाणी आणि ताक मुलाने मागायची वाट पाहू नका, थोडे थोडे पाजत राहा.

मात्र चक्र जुने झाले असेल तर केवळ खाण्याने ते तुटत नाही. तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते बहुधा लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतात. ही औषधे शीमध्ये पाणी धरून ठेवतात. "याची सवय लागेल" या भीतीने बरेच लोक चार दिवसांत बाटली बंद करतात आणि सगळे पुन्हा सुरू होते. आतड्याला त्यांची सवय लागत नाही. उलट ताणलेला भाग मूळ आकाराला येण्यासाठी ती बहुधा किमान दोन महिने आणि पुष्कळदा त्याहून जास्त द्यावी लागतात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असतात. साबणाची कांडी, पानाचा देठ, एरंडेल हे घरगुती उपाय टाळा. जी जागा आधीच दुखते, तिथे काही घातले की मूल कायमचे धास्तावते.

शी मऊ होऊन दोन-तीन आठवडे दुखल्याशिवाय झाली की बसण्याची सवय लावा. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून नाश्ता किंवा जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत तीन ते पाच मिनिटे बसवा. गुडघे कमरेपेक्षा वर हवेत. आपल्या आजी-नानी तान्ह्या बाळाला दोन्ही पायांवर बसवत, त्यात हीच बैठक साधते. कमोडवर मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा छोटे स्टूल ठेवा. देशी संडासाचे भोक लहान मुलाला भयंकर वाटते. शेजारी पॉटी ठेवा. डायपरशिवाय शी होतच नसेल तर पायऱ्या करा: आधी डायपर घालून संडासात उभे राहू द्या, मग डायपरसह पॉटीवर बसवा, मग डायपर सैल करा, मग काढा. शाबासकी बसण्याबद्दल द्या, शी झाली नाही तरी.

आता शब्दांबद्दल. आपल्या मराठीत 'शी' म्हणजे विष्ठा आणि 'शी!' म्हणजे किळसही. त्यात उर्दूतून 'गंदा' आणि 'नापाक' येतात. तहारत आपल्याला प्यारी आहे आणि कपडे, फरशी धुवायलाच हवी. पण मुलाला शी आणि आपण स्वतः यांतला फरक अजून कळत नाही. त्याला वाटते आपणच गंदे आहोत, आणि ते लपायला लागते. त्याऐवजी एवढेच म्हणा, "झाली? छान. चल, धुऊ या." नमाजची ओढणी वेगळी ठेवा, जानमाज घडी करून वर ठेवा, तेवढ्याने घरातली निम्मी चिडचिड कमी होते.

हजरत अनस (रजि.) यांची एक हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. एक ग्रामीण अरब मस्जिदीत लघवी करू लागला. लोक त्याच्यावर धावले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना रोखले, त्याला मध्येच तोडू नका असे सांगितले, आणि त्याचे झाल्यावर तिथे बादलीभर पाणी ओतायला लावले. एका मोठ्या माणसाशी, तेही मस्जिदीत, अशी नरमी दाखवली गेली. आपल्या घरातले मूल तर अडीच वर्षांचे आहे.

काही लक्षणे दिसली तर मात्र वाट पाहू नका: जन्मानंतर पहिली काळी शी दोन दिवसांत झाली नव्हती, पहिल्या महिन्यापासूनच बद्धकोष्ठ आहे, पोट फुगून घट्ट झाले आहे, हिरव्या उलट्या होतात, शीत रक्त येते, वजन वाढत नाही, पायांत जोर नाही. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या तिन्ही ठिकाणी बालरोग विभाग आहे.

आणि जून? शिक्षिका म्हणून सांगते, प्रवेशाच्या वेळीच वर्गशिक्षिकेशी मोकळेपणाने बोला. दप्तरात एक जास्तीची चड्डी-पायजमा आणि पिशवी द्या. सकाळी दहा मिनिटे लवकर उठवा, म्हणजे नाश्त्यानंतर घरीच निवांत बसता येईल. शाळेत मूल शी रोखून धरते का, हे बाईंना विचारत राहा. हे काम अम्मी एकटीचे नाही. अब्बूंनी आणि दादीनेही तेच शब्द, तीच वेळ पाळली तर मूल लवकर सावरते. मध्येच एखादा आठवडा पुन्हा मागे जाईल. तेव्हा पुन्हा आधी शी मऊ करा आणि मगच पॉटीकडे वळा.

अल्लाह आपणा सर्वांना सब्र देवो. आमीन.