जुगाडाचं कौतुक पुरे

ल्यूजपटू शिवा केशवनचा विषय निघाला की तो व्हिडिओ हमखास निघतो. हिमालयातल्या घाटरस्त्यावर चाकं लावलेल्या स्लेडवर उताणा पडून हा गडी ट्रक आणि मेंढ्यांचे कळप चुकवत सुसाट खाली येतो आहे. बघणारे म्हणतात, ‘वा, काय जुगाड!’ आम्हाला मात्र ते आरोपपत्र वाटतं.

ल्यूज हा खेळ बर्फाच्या घसरणीवरचा. पाय पुढे करून पाठीवर पडायचं, ताशी 130 किलोमीटरच्या वर वेग घ्यायचा आणि वळणं सांभाळायची ती पोटऱ्यांच्या नि खांद्यांच्या दाबाने. ब्रेक नसतो. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, म्हणजे स्लेडची घडण आणि ट्रॅकवरचा रोजचा सराव यांतच निम्मा निकाल लागून गेलेला असतो. जर्मन खेळाडूंना हे घरच्या ट्रॅकवर मिळतं. भारतात असा एकही ट्रॅक नाही. मग डांबरी रस्ताच उरतो, आणि त्याला आपण जिद्द म्हणून टाळ्या वाजवतो.

मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा हा मुलगा 1998 साली नागानोला पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. 2018च्या प्योंगचांगपर्यंत त्याने सलग सहा ऑलिम्पिक केली. त्यातला सर्वांत वरचा क्रमांक 25वा, तुरिनचा. यावर नाक मुरडणाऱ्यांनी त्याची 2011ची आशियाई स्पर्धाही आठवावी. त्याच नागानोच्या ट्रॅकवर त्याने सुवर्ण मिळवलं होतं.

सोचीचा प्रकार तर आणखी लाजिरवाणा. भारतीय ऑलिम्पिक संघटना निवडणुकीच्या भानगडींपायी निलंबित झालेली, म्हणून 2014च्या उद्घाटनात केशवन चालला तो ऑलिम्पिकच्या झेंड्यामागून. त्याची स्पर्धा 9 फेब्रुवारीला संपली. निलंबन उठलं 11ला! पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्यांचा हिशेब खेळाडूने चुकता केला, तोही सोळा वर्षं एकट्याने झेंडा मिरवणाऱ्या शिलेदाराने... नाही, एकट्याने म्हणणंही चूक. अधूनमधून इतर भारतीय असत, पण दरवेळी हजर असलेला हाच.

2020 साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. तोवर त्याने स्लेड ठेवून दोन वर्षं झाली होती. 2022च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताचा एकच खेळाडू गेला, तो स्कीइंगचा. ल्यूजमध्ये आपलं कोणीच नव्हतं.