कांद्याच्या रसाने केस येतात का?

केस गळू लागले की घरात उपायांना तोटा नसतो. आजी माक्याचे तेल उकळायला घेते, शेजारीण कांद्याचा रस चोळायला सांगते. बाजारातल्या बाटल्यांवर तर 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' असे छापलेलेही असते. ते सिद्ध कोठे झाले?

कांद्यावर एक प्रयोग खरोखरच झाला आहे. इराकमधील डॉक्टरांनी २००२ साली तो प्रसिद्ध केला. चाई पडलेल्या २३ रुग्णांनी दोन महिने, दिवसातून दोनदा कच्च्या कांद्याचा रस लावला. १५ जणांनी नुसते नळाचे पाणी. सहा आठवड्यांनी रस लावणाऱ्यांपैकी २० जणांना केस आले. पाणी लावणाऱ्यांत आठ आठवड्यांनंतरही दोघांनाच! आकडे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पण रुग्ण चाईचे होते, हे बाटलीवर लिहिलेले नसते. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते आणि नाण्याएवढा चट्टा पडतो. मूळ मात्र जिवंत असते. पुष्कळदा वर्षभरात केस आपोआप परततात. पुरुषांचे टक्कल किंवा स्त्रियांचा रुंदावत जाणारा भांग यांची गोष्ट निराळी. तेथे आनुवंशिकतेमुळे मुळेच हळूहळू आक्रसत जातात. त्यावर या प्रयोगाने काहीच सांगितलेले नाही. शिवाय डोक्याला पाणी लावले की कांदा, हे वासावरून कोणालाही कळणारच.

टक्कलाबाबत थोडी आशा दाखवली ती रोझमेरीच्या तेलाने. इराणमधल्या २०१५च्या अभ्यासात ५० जणांना हे तेल आणि ५० जणांना २ टक्के मिनॉक्सिडिल दिले. तीन महिन्यांत फरक नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस सारखेच वाढलेले. फक्त साधे तेल लावणारा तिसरा गट ठेवला असता, तर निष्कर्ष अधिक पक्का झाला असता.

माक्याचे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे. भादरलेल्या पाठीवर केस लवकर उगवले, इतकेच. खोबरेल तेल केसाच्या आत मुरते आणि त्यातील प्रथिनांची झीज कमी करते, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. म्हणजे केस तुटणे कमी होईल, नवा उगवेल असे नव्हे.

बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी पुंजकेच्या पुंजके हातात येतात. हे गळणे साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि श्रेय त्या वेळी हाताशी असलेल्या तेलाला मिळते! मात्र गळती लांबली, तर रक्तातील लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे. चट्टा पडला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. कांद्याचा रस लावायचाच असेल, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावा. आग झाली किंवा त्वचा लाल झाली, तर धुऊन टाकावा.