पहिल्या हाताआधीचा हिशेब

ब्रिजमध्ये डावीकडील प्रतिस्पर्धी पहिले पान टाकतो, डमीची तेरा पाने टेबलावर मांडली जातात आणि डाव खेळणारा लगेच डमीतील पान मागतो. त्याआधी खात्रीचे हात किती आणि उरलेले कोठून यावयाचे, याची मोजदाद व्हावयास हवी. डमीतील पानाचे नाव एकदा घेतले की विचार बदलला म्हणून ते परत घेता येत नाही. पुष्कळ डाव एवढ्या घाईतच बुडतात.

बोली तीन बिनहुकूम आहे, म्हणजे नऊ हात करावयाचे आहेत. उतारी इस्पिकच्या पंजीची. डमीत इस्पिकचा एक्का व तिर्री आणि चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, पंजी. बाकी सारी किरकोळ पाने. खेळणाऱ्याजवळ इस्पिकचे राजा, राणी, चव्वी, चौकटची सत्ती व दुर्री आणि बदाम व किलवर यांचे एक्के. इस्पिकचे तीन आणि दोन एक्क्यांचे दोन, असे पाच हात रोख आहेत. उरलेले चार चौकटमधून येतील. परंतु चौकटचा एक्का विरोधकांकडे आहे.

येथे डमीतील एक्का मारण्याचा मोह होतो. तो मारला की डाव संपला म्हणावयाचे. जाणता विरोधक चौकटचा पहिला हात सोडून देतो आणि दुसऱ्याला एक्का घालतो. तोवर खेळणाऱ्याजवळची चौकट संपलेली असते. डमीत पिकलेली चौकट दिसते, पण तेथे पोहोचण्यास वाट उरत नाही. खात्रीचे हात होतात अवघे सहा.

म्हणून डमीतून तिर्री घालावी आणि पहिला हात स्वतःच्या राजाने घ्यावा. मग विरोधकांनी चौकटचा एक्का केव्हाही घालावा व नंतर कोणताही रंग खेळावा, इस्पिकचा एक्का डमीत वाट धरून बसलेला असतो. विरोधकांजवळची चौकटची सहा पाने तीन-तीन वा चार-दोन अशी वाटलेली असली, की नऊ हात पुरे होतात.

याउलट, विरोधकांच्या रंगात आपला एकटा एक्काच असेल तर तो पहिल्या हाताला सहसा मारू नये. किती वेळा थांबावे यासाठी एक ठोकताळा आहे: त्या रंगातील आपली व डमीची मिळून पाने सातातून वजा करावीत. पाच पाने असल्यास दोनदा थांबावे, म्हणजे ज्याच्याकडे त्या रंगाची पाने कमी आहेत त्याच्याजवळ परत खेळावयास ती बहुधा उरत नाहीत. हा ठोकताळा पुष्कळजण डोळे मिटून पाळतात, तेही बरे नव्हे. दुसरा एखादा रंग याहून उघडा पडला असेल, तर थांबण्यात विरोधकांचीच सोय होते. तेव्हा एक्का लगेच मारलेला बरा.