किस की शादी है?

आमच्याकडे दिवस मगरिबपासून धरतात. त्या हिशोबाने माझ्या सहलीचा पहिला दिवस मे महिन्यातल्या एका संध्याकाळी अमरावती स्टेशनावर सुरू झाला. मुंबई एक्स्प्रेस, स्लीपरचा डबा, एक बॅग आणि मी एकटी. वय पंचेचाळीसला टेकलेलं, आणि समुद्र एकदाही पाहिलेला नाही.

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. जज़ीरा म्हणजे बेट, चारही बाजूंनी पाणी, हे वीस वर्षं सांगत आले. यंदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, आपने देखा है?" मी नाही म्हणाले. वर्ग हसला, मीही हसले. पण मुरुडला जायचं ते त्याच दिवशी ठरलं. तिथला जंजिरा हा शब्दच मुळात अरबी जज़ीरावरून आलेला.

तिकीट काढल्यावर घरात एकच प्रश्न. कोणासोबत? सासूबाईंनी तर थेट विचारलं, "किस की शादी है?" त्यांचं काही चुकलं नाही. आमच्या घरातली बाई गावाबाहेर पडते ती लग्नाला, मैयतीला, दवाखान्यात किंवा माहेरी. यातलं एकही कारण नसताना ती कशाला निघेल? नवऱ्याने नाही म्हटलं नाही, पण हो म्हणायला आठ दिवस घेतले.

माझं माहेर अकोल्याचं. गाडी तिथे थांबली तेव्हा भाऊ डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर उभा. रात्रीसुद्धा गरम वाफा अंगावर येत होत्या. म्हणाला, "आपा, अब भी उतर जाओ. दिवाली की छुट्टी में सब मिल के चलेंगे." हे दिवाळीत जाणं मी पंधरा वर्षं ऐकतेय. डबा घेतला, उतरले नाही.

सकाळी मुंबई. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीत बसले आणि पहिल्यांदा पाय जमिनीवर नसल्याचं कळलं. कठडा घट्ट धरून बसले होते. बाजूचं लहान पोरगं माझ्याकडे बघून हसत होतं. पुढे अलिबाग, आणि तिथून मुरुडची एसटी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलंच, "ताई, एकट्याच?"

मुरुडला पहिल्या लॉजवरच्या मुलाने आधार कार्ड पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. "सोबत कोणी?" कोणी नाही म्हटल्यावर खोली नाही. मी सरळ विचारलं, नाव बघून नाही म्हणतोस का? तो ओशाळला. "नाही मॅडम, कोणत्याच एकट्या लेडीजला देत नाही." एकट्या बाईला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. म्हणजे हे दुखणं फक्त आमच्या मोहल्ल्याचं नाही. शेवटी एका कोकणी मुसलमान म्हातारीच्या घरी खोली मिळाली. तिची बोली मला निम्मी कळली, पण ती मराठीच्या इतकी जवळची की माझ्या वऱ्हाडी मराठीला ती हसली आणि तिच्या मराठीला मी.

आता दीनचं नाव घेऊन बोलणाऱ्यांसाठी. मेहरमशिवाय बाईने सफर करू नये अशी हदीस आहे, ती मी नाकारत नाही. पण तिचा हेतू आणि तिची मर्यादा यांवर फकीहांमध्ये मतभेद आहेत. शाफई मसलकात फर्ज हजसाठी भरवशाच्या बायकांची सोबत पुरेशी धरली जाते, आणि कोकणातले मुसलमान बहुतेक शाफईच. २०१८ पासून भारतातल्या ४५ वर्षांवरच्या बायका चौघींच्या गटाने मेहरमशिवाय हजला जाऊ लागल्या. २०२१ मध्ये सौदी सरकारनेही बायकांना मेहरमशिवाय हजची नोंदणी करू दिली. कोणी म्हणेल, हज इबादत आहे, सैर नाही. कबूल. पण जमिनीवर फिरा आणि पाहा, हे कुरआनात अनेकदा आलंय, आणि ते फक्त पुरुषांना सांगितलंय असं मला तरी कुठे दिसलं नाही.

खरं सांगू? आम्हाला अडवते ती बहुतेक वेळा हदीस नसते. हीच बाई आजारी सासऱ्यांची औषधं आणायला एकटी नागपूरला गेली तर कोणालाच मेहरम आठवत नाही. काम दुसऱ्याचं असेल तर रस्ता सुरक्षित असतो. स्वतःसाठी निघाली की तोच रस्ता धोक्याचा होतो. भीती खरी असेल तर ती दोन्ही वेळेला वाटायला पाहिजे.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेले. समोर पाण्यात पद्मदुर्ग काळा होत चालला होता. जंजिरा उद्या राजपुरीहून शिडाच्या होडीने बघायचा होता. सूर्य बुडाला, मगरिबची अज़ान झाली, माझा पहिला दिवस संपला. खोलीवर येऊन नमाज़ पढले तेव्हा पायांना वाळू तशीच होती.

रात्री भावाचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा तेच विचारील. त्याने विचारलं, "आपा, पानी सच में खारा है क्या?" त्यानेही समुद्र पाहिलेला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

भावांनो, घरातली बाई निघते म्हणाली तर 'कोणासोबत' विचारू नका. पोचल्यावर फोन कर, एवढं म्हणा.