माळाची हिरवळ

२०२४ सालीं पावसाळ्याच्या आरंभीं शिरूर व दौंड तालुक्यांतील खेड्यांवरून रात्रीं ड्रोन फिरतांना दिसूं लागले आणि चोर आकाशांतून घरें हेरीत आहेत अशा वदंतेनें लोकांची झोंप उडाली. ठिकठिकाणीं तरुणांनीं जागते पहारे बसविले. हें यंत्र त्या भागांत अशा रीतीनें घरोघरीं ठाऊक व्हावें, याचें आम्हांस वाईट वाटतें. कारण त्याच तालुक्यांत दिवसाउजेडीं त्यानें करण्याजोगें एक चांगलें काम आहे, आणि त्याचा धडा दक्षिण ध्रुवाकडे घालून दिला गेला आहे.

अंटार्क्टिका म्हणजे केवळ बर्फ, अशी आपली समजूत असते. परंतु उन्हाळ्यांत किनाऱ्याजवळ जेथें खडक उघडा पडतो, तेथें बर्फ वितळून वाहणाऱ्या ओघळीच्या कांठानें मखमलीसारखें शेवाळ उगवतें. भारताचें मैत्री ठाणें आहे त्या भागांतहि तें आढळतें. ऑस्ट्रेलियाच्या केसी ठाण्याजवळ टास्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं लहान ड्रोन उडवून या शेवाळाचे नकाशे केले. तें पायांखालीं तुडविलें गेलें तर भरून येण्यास फार वर्षें लागतात; तेव्हां वरूनच पाहिलेलें बरें. कोणता तुकडा टवटवीत आहे व कोणता पाण्याअभावीं कोमेजूं लागला, हेंहि त्यांत कळतें. उपग्रहास इतकें साधत नाहीं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांतील बारीकांत बारीक ठिपका १० मीटर लांब व तितकाच रुंद असतो. खालून उडणाऱ्या ड्रोनचा ठिपका १ सेंटिमीटरचा धरला, तर तेवढ्याच जागेंत १० लक्ष ठिपके बसतात. मोठ्या ठिपक्यांत चार झुडपें आणि भोंवतालची माती एकांत एक मिसळतात, व निकाल बहुधा मातीच्या बाजूनें लागतो.

आपल्या माळांची गत याहून निराळी नाहीं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला हा प्रदेश. कालव्याचें पाणी पोंचलें तेथें ऊंस, न पोंचलें तेथें कुसळी, पवना, मारवेल, आणि मधून एखादी बोर वा बाभूळ. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें व डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेंकतें. या भेदावरून यंत्र हिरवळ ओळखतें. वाळल्या गवतांत हा भेद फारसा उरत नाहीं. मग फाल्गुनांत काढलेल्या चित्रावर कोणीं 'ओसाड' असा शेरा मारला तर नवल काय ? सरकारी दप्तरांत 'पडीक' हा शब्द असाच रुळला आहे. आणि जमीन पडीक ठरली कीं कोणी तेथें चर खणून झाडें लावावयास निघतो, कोणी कारखान्यासाठीं ती मागतो. झाडें लावणें हें पुण्यकर्म खरें, पण गवताच्या जागीं नव्हे ! धनगरांच्या मेंढ्यांचा चारा त्या गवतावर आहे. लांडगा व चिंकारा त्याच माळावर राहतात. दौंडच्या शेजारीं सुप्यास चिंकाऱ्यांसाठीं मयूरेश्वर अभयारण्य आहे, तें अवघें पांच चौरस किलोमीटरांच्या आसपास. पश्चिम महाराष्ट्रांतील हीं माळरानें तोडलेल्या अरण्याचे अवशेष नसून निदान ७५० वर्षांचीं जुनीं आहेत, असें २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दाखविलें आहे. आणि त्याचे पुरावे जुन्या मराठी कथा-गीतांतून गोळा केलेले आहेत, हें आमच्या वाचकांस विशेष वाटेल.

तेव्हां माळाचा नकाशा करावयाचा तर एकदां भाद्रपदांत व पुन्हा चैत्रांत करावा, म्हणजे वाळलें काय आणि मुळांत नव्हतें काय, हें उमगेल. आधीं गांवांत दवंडी द्यावी हें ओघानेंच आलें. शिवाय एखाद्या जाणत्या मेंढपाळास बरोबर घ्यावें. गवत आहे एवढें यंत्र सांगेल. तें मारवेल कीं कुसळी, आणि मेंढी त्याला कोणत्या महिन्यांत तोंड लावते, हें त्यालाच विचारावें लागेल.