अणुभट्टीला वीस हजार कोटी, आरक्षणाला मात्र दार बंद

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अणुऊर्जा मिशनची घोषणा झाली. लहान अणुभट्ट्यांच्या संशोधन आणि विकासासाठी २०,००० कोटी रुपये, २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच लहान अणुभट्ट्या, आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज. टाळ्या वाजल्या, अग्रलेख आले, शेअर बाजारही खूश झाला. आपल्या चळवळीत मात्र या घोषणेवर फारशी चर्चा झाली नाही. "अणूबिणू हा आपला विषय नाही, आपल्यापुढे अत्याचार आहेत, शिष्यवृत्ती आहे, नोकऱ्या आहेत," असे आपले अनेक कार्यकर्ते म्हणतात.

माझे म्हणणे नेमके उलटे आहे. हा शिष्यवृत्तीचाच प्रश्न आहे आणि नोकरीचाही. कारण हे वीस हजार कोटी ज्या संस्थांच्या भिंतीआड खर्च होणार आहेत, त्यांतल्या प्रमुख संस्थांना आरक्षण कायद्यातून सूट मिळालेली आहे.

ही सूट कागदावर आहे, कुणीही वाचून पाहावी. केंद्रीय शैक्षणिक संस्थांमधील प्रवेशांच्या आरक्षणाचा कायदा २००६ चा. त्याच्या कलम ४ मध्ये काही संस्था वगळल्या आहेत आणि त्यांची यादी कायद्याच्या परिशिष्टात दिली आहे. यादीत होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या दहा घटक संस्था आहेत, टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहे. घटक संस्थांत तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र येते, कल्पाक्कमचे इंदिरा गांधी केंद्र येते, आणि परळचे टाटा स्मारक केंद्रसुद्धा येते. पुढे २०१९ मध्ये शिक्षक संवर्गातील आरक्षणाचा कायदा आला, तेव्हाही याच संस्था पुन्हा वगळल्या. कारण काय दिले? या 'उत्कृष्टतेच्या' संस्था आहेत, राष्ट्रीय आणि सामरिक महत्त्वाच्या आहेत.

म्हणजे जिथे उत्कृष्टता आहे तिथे आरक्षण नको, हे संसदेने कायद्यात लिहून ठेवले. गुणवत्ता विशिष्ट जातींच्या घरात जन्माला येते, हा मनुवादी समज यापेक्षा सभ्य भाषेत कुणी मांडला असेल?

भाभा केंद्रात आरक्षण अजिबातच नाही, असे मी म्हणत नाही. तंत्रज्ञ, कारकून, सुरुवातीच्या दर्जाचे वैज्ञानिक अधिकारी यांच्या थेट भरतीत राखीव जागा असतात. आपली अनेक मुले तिथे कष्टाने पोहोचली आहेत आणि त्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण १९७५ पासून केंद्र सरकारचा एक आदेश आहे. 'गट अ' मधल्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वर, संशोधन करणाऱ्या किंवा संशोधनाला दिशा देणाऱ्या वैज्ञानिक पदांना मंत्रालय आरक्षणातून सूट देऊ शकते. शब्द नीट वाचा : संशोधनाला दिशा देणाऱ्या. यंत्र चालवायला तुम्ही चालता. कोणते यंत्र बांधायचे, पैसा कुठे ओतायचा, हे ठरवायच्या खुर्चीशी मात्र आरक्षण थांबते.

आता बाबासाहेबांकडे वळू. ऑक्टोबर १९४२ मध्ये मजूरमंत्री असताना त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन दिले. त्यात त्यांनी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी केली. केवळ कला आणि कायद्याचे शिक्षण आपल्या समाजाला पुरणार नाही, असे त्यांनी त्यात मांडले, आणि परदेशी शिक्षणासाठीही तरतूद मागितली. सिंचन आणि वीज ही खाती त्यांच्याकडेच होती. १९४३ मध्ये वीजधोरणाच्या समितीपुढे त्यांनी सूत्र मांडले : वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण विजेशिवाय उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणाशिवाय गरिबीतून सुटका नाही. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे त्यांनी लिहिले.

म्हणून 'विज्ञान नको, यंत्र नको, आपला गाव बरा' अशी भाषा आपल्याला शोभत नाही. गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी संविधान सभेतच सुनावले होते. अणुसंशोधनाला सरकारने पैसा द्यावा की नाही, एवढाच प्रश्न असता तर चर्चा सोपी होती. आपला प्रश्न त्यापुढचा आहे. पैसा जनतेचा, मग निर्णय कुणाचे? धोका कुणाला? आणि फायदा कुणाच्या खिशात?

निर्णयांचा हिशोब पाहा. अणुऊर्जा खाते १९५४ पासून थेट पंतप्रधानांच्या हाताखाली आहे आणि गोपनीयतेच्या कवचात वाढले आहे. सन २००० मध्ये देशात ४३,५०० मेगावॅट अणुवीज असेल, असे भाकीत या यंत्रणेने केले होते. प्रत्यक्षात त्या वर्षी क्षमता होती २,७२० मेगावॅट. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले, २०१० ला वीज मिळणार होती. तिचा गाभा भरायला (कोअर लोडिंग) सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. सुरुवातीचा ३,४९२ कोटींचा अंदाज तोवर दुपटीपलीकडे गेला. देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा आजही सुमारे ३ टक्के आहे. आपल्या मुलाची शिष्यवृत्ती अडकते ती एका दाखल्यासाठी. इथे चौदा वर्षे उशीर झाला तरी कुणाला जाब द्यावा लागत नाही. मग अपात्रतेचा शिक्का राखीव जागांवरच का?

धोक्याचा हिशोब पाहा. युरेनियम निघते झारखंडच्या जादूगोड्यात. खाण १९६७ मध्ये सुरू झाली आणि खनिजाचा किरणोत्सारी गाळ साठवणारे तलाव आदिवासींच्या वस्त्यांशेजारी आहेत. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तिथल्या लोकांना पुनर्वसनासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. जैतापुरात ९,९०० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी जमिनी घेतल्या, एप्रिल २०११ मध्ये आंदोलनावर गोळीबार होऊन एक माणूस गेला, आणि अणुभट्टी अजून उभी नाही.

आणि फायदा? डिसेंबर २०२४ मध्ये अणुऊर्जा महामंडळाने २२० मेगावॅटच्या 'भारत लघु अणुभट्टी'साठी खासगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले. ही रचना सरकारी प्रयोगशाळांत, सरकारी पैशावर, दशकानुदशके घडली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर केला आणि अणुवीज क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांना उघडले. भोपाळच्या अनुभवानंतर २०१० च्या दायित्व कायद्यात एक तरतूद आली होती. पुरवठादाराने सदोष यंत्र दिले आणि अपघात झाला, तर त्याच्याकडून वसुली करता येत असे. नव्या कायद्याने तीही काढून टाकली. म्हणजे संशोधनाचा खर्च जनतेचा, नफा कंपनीचा, अपघात झाला तर भोगायचे शेजारच्या वस्तीने. आणि खासगी कंपनीत आरक्षण नसते, हे वेगळे सांगायला नको. जी नोकरी आज महामंडळात राखीव जागेवर मिळते, ती उद्या कंपनीच्या फाटकाशी संपेल.

'हा देशाच्या सुरक्षेचा विषय आहे, यात जात आणू नका,' असे सांगितले जाईल. सैन्यदलातल्या महार रेजिमेंटची आठवण अशांना द्यावी. सीमेवर मरायला आपण चालतो, तेव्हा सुरक्षेला धोका होत नाही. मग प्रयोगशाळेत बसल्यावर कसा होतो?

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. गटारांत उतरून माणसे मरू नयेत, यंत्रांनी सफाई व्हावी, यासाठी केंद्राची 'नमस्ते' योजना आहे. २०२५-२६ पर्यंतच्या कालावधीसाठी तिची तरतूद सुमारे ३५० कोटी. अणू फोडण्याच्या संशोधनाला २०,००० कोटी देणाऱ्या देशाला गटार साफ करणाऱ्या यंत्राचे संशोधन इतके स्वस्त का वाटते? गटारात कोणाचा बाप मरतो, यावर ते ठरते.

तरुणांनो, आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. दोन्ही कायद्यांच्या परिशिष्टांतून या संस्था काढा आणि तिथे प्रवेश आणि प्राध्यापक पदांवर आरक्षण लागू करा. संशोधनाला दिशा देणाऱ्या पदांची सूट रद्द करा. वीस हजार कोटींतला रुपयान् रुपया संसदेपुढे मांडा. सरकारी संशोधनावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक खासगी प्रकल्पात आरक्षणाची अट घाला. पुरवठादाराची जबाबदारी परत आणा. विस्थापितांचे पुनर्वसन आधी, पायाभरणी नंतर.

माहितीच्या अधिकारात अर्ज करा. प्रत्येक संस्थेला विचारा, तुमच्याकडे अनुसूचित जाती-जमातींचे आणि ओबीसींचे किती संशोधक विद्यार्थी आहेत, किती प्राध्यापक आहेत, आणि वरच्या श्रेणीत किती? उत्तरे आली की ती गावोगावी, वस्तीवस्तीत वाचून दाखवा. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीला तुर्भ्याचा रस्ता माहीत झाला पाहिजे, आणि तिथले दार कोणत्या कलमाने बंद आहे, हेसुद्धा.

जय भीम!