जलपरी सव्वा मीटरची, परकोट सव्वादोन मैलांचा!

पुण्याचा मित्र दोन दिवसांसाठी अमरावतीला येतोय म्हटलं की तुमचं पहिलं वाक्य काय असतं? ‘इथं काय आहे राजा पाहाले, आपण चिखलदऱ्याले जाऊ!’ अकोल्यातही तेच. पाहुणा आला की त्याला शेगावच्या गाडीत बसवायचं. चिखलदरा भारीच आहे, शेगावही आहे. पण आपण राहतो ते शहर ‘बघण्यासारखं नाही’ हे आपण कशावरून ठरवलं?

जरा डेन्मार्कच्या राजधानीत जाऊन येऊ. कोपनहेगनला गेलेल्या कुणाचंही इन्स्टा उघडा, समुद्रकाठी दगडावर बसलेल्या जलपरीचा फोटो हमखास दिसेल. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या परीकथेतली ही जलपरी. एडवर्ड एरिक्सन या शिल्पकाराने घडवलेला हा ब्राँझचा पुतळा १९१३ पासून तिथे आहे. उंची किती? फक्त सव्वा मीटर. ‘एवढुशीच?’ असं म्हणत कित्येक जण परत फिरतात, पण जातात मात्र सगळे. कारण त्या शहराने आपली गोष्ट जपली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली.

आता आपल्या राजकन्येकडे या. वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. तिने श्रीकृष्णाला पत्र पाठवलं, लग्नाआधी अंबादेवीच्या दर्शनाला आली आणि तिथूनच कृष्णाने तिला नेलं, अशी आख्यायिका. घरच्यांनी ठरवलेलं लग्न नाकारून स्वतः पत्र लिहिणारी मुलगी! यापेक्षा भन्नाट स्टोरी कोणत्या शहराकडे आहे? अंबादेवीला आपण नवरात्रात जातो, रांगेत उभे राहतो, गीला वडा खाऊन घरी येतो. बाहेरून आलेल्या मित्राला ही गोष्ट तिथे उभं राहून आपल्यापैकी किती जण सांगतात?

गोष्टी पुराणातल्याच हव्यात असंही नाही. आपण रोज जवाहर गेटखालून जातो, हॉर्न वाजवत. तो गेट ज्या परकोटाचा भाग आहे, त्या परकोटाचं काम १८०७ मध्ये निजामाच्या राजवटीत सुरू झालं. कारण होतं पेंढाऱ्यांची भीती. इथल्या सावकार-व्यापाऱ्यांकडे लुटण्यासारखं भरपूर होतं, म्हणून गावाभोवती सव्वादोन मैलांची दगडी भिंत घालावी लागली. पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे लहान दरवाजा. त्यातल्या एकीचं नाव खुनारी, १८१८ मध्ये तिथे झालेल्या रक्तपातामुळे पडलेलं. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही आपल्यासाठी ऑटोवाल्याला सांगायची ठिकाणं आहेत. पाहुण्यासाठी मात्र हा एका सकाळी पायी फिरता येईल असा दोनशे वर्षांचा इतिहास आहे. शिवाय याच शहरात १९१४ मध्ये सुरू झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्यांच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले होते.

अकोलेकरांनो, तुम्हीही मागे नाही. शहरात औरंगजेबाचा वजीर असद खान याच्या नावाचा असदगड आहे. जवळच बाळापूरला मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर किल्ला आहे, आणि नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. पुरंदरचा तह शाळेत घोकलात ना? तेच जयसिंग. अकोटच्या पुढे नरनाळा आहे, तिथला नक्षीदार महाकाली दरवाजा एकदा नीट बघा.

आणि मूर्तिजापूर? तिथून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी धावणारी आपली शकुंतला. १८९ किलोमीटरची नॅरोगेज. वाफेचं इंजिन तिने १९९४ पर्यंत चालवलं. आता ती बंद आहे. स्वीडनमधल्या स्टॉकहोमचं उदाहरण बघा. ‘वासा’ नावाची त्यांची युद्धनौका १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत, बंदराजवळच बुडाली. खरं तर लाज वाटावी अशी घटना. त्यांनी ती १९६१ मध्ये वर काढली, तिच्यासाठी संग्रहालय बांधलं आणि आज तिथे जगभरातून लोक रांग लावतात. त्यांनी बुडालेलं जहाज दाखवलं. आपण सत्तर वर्षं वाफेवर धावलेली गाडी दाखवू शकत नाही? ब्रॉडगेज हवीच, ती गावांची गरज आहे. पण एक इंजिन, दोन डबे आणि एक जुनं स्टेशन जपायला काय हरकत आहे?

‘आधी रस्ते, कचरा, स्वच्छतागृहं बघा, मग पर्यटन’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण जी जागा कुणाच्या लेखी बघण्यासारखीच नाही, तिची स्वच्छता कोण मागणार? परकोटाचा दगड ढासळला तर बोंब कोण मारणार? कुणी बघायला येत नाही, म्हणून कुणी जपत नाही, आणि जपलं नाही म्हणून बघायला काही उरत नाही. या चक्रात आपण अडकलोय.

१६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याला मुंबईहून विमान उतरू लागलंय. पाहुणे येतील. त्यांना काय दाखवायचं हे फक्त पर्यटन खात्यावर सोडू नका. कॉलेजात एनएसएस आहे, इतिहास विभाग आहे, रील बनवणारी तर अख्खी बॅच आहे. एका रविवारी सकाळी सातला दहा जण जमा, पाचही दरवाजे पायी फिरा. प्रत्येकाने एका ठिकाणची माहिती काढून आणायची आणि तिथेच उभं राहून पाच मिनिटं सांगायची. बाळापूरला, असदगडावर हेच अकोल्याच्या पोरांनी करावं. मग महापालिकेकडे प्रत्येक दरवाजापाशी एका माहितीफलकाची मागणी करा. मजकूर तुमच्याकडे तयार असेल, त्यामुळे ‘माहिती नाही’ हे कारण त्यांना देता येणार नाही.

आणि पुढच्या वेळी पुण्याचा मित्र आला की चिखलदऱ्याची गाडी दुपारची पकडा. सकाळ परकोटासाठी ठेवा.